कोंदणापलीकडचे रत्न : वॉलेस चान यांची कला

मराठी समीक्षेने सोनारवाड्याकडून किती शब्द उसने घेतले आहेत, याची मोजदाद कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. व्यक्तिरेखेचे पैलू दाखविले जातात, कथेची जडणघडण तपासली जाते, शब्द कोंदणात बसल्यासारखा बसतो, लेखकाचा कस लागतो आणि एखादी कविता बावनकशी ठरते. वर्गात कविता शिकविणाऱ्या आपणां सर्वांच्या तोंडी हे शब्द दिवसातून दहादा येतात. परंतु ज्याच्याकडून ते घेतले त्याच्या दुकानात डोकावून, तो नेमके काय करतो हे पाहण्याची तसदी आपण सहसा घेत नाही. व्यवहार एकतर्फी राहिला आहे.

या उसनवारीची परंपरा मोठी जुनी आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने काव्यातील अलंकारांना शरीरावरील कड्यांची उपमा दिली. अकराव्या शतकात मम्मटाने हारादी आभूषणांची दिली. गुण हे शौर्यासारखे आत्म्याचे धर्म आणि अलंकार हे हारासारखे अंगावर घातलेले, ही त्याची विभागणी आपल्याकडील प्रत्येक पदवी परीक्षेत लिहिली गेली आहे. या विभागणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की दागिना हा घालता येतो आणि काढून ठेवता येतो. देह एक, दागिना दुसरा. दागिन्याच्या आतही पुन्हा तेच द्वैत : रत्न एक, कोंदण दुसरे. आशय आणि अभिव्यक्ती यांच्या जोडीविषयी आपण जे बोलतो त्याच्या तळाशी बहुधा हेच चित्र असते. सोनाराचे काम वस्तुतः तसे नसेल, तर आपल्या या चित्राचे काय होते? हा प्रश्न आमच्या मनात हाँगकाँगमधील एका हयात रत्नकाराच्या कामाने उभा केला, आणि म्हणूनच साहित्याला वाहिलेल्या या पृष्ठांत त्याच्याविषयी लिहिण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. त्याचे नाव वॉलेस चान.

चान यांचा जन्म १९५६ साली चीनमधील फूचौ येथे झाला. पाच वर्षांचे असताना ते कुटुंबाबरोबर हाँगकाँगला आले. घरची गरिबी अशी की तेराव्या वर्षी शाळा सुटली. १९७३ साली, सोळाव्या वर्षी, ते रत्नांवर कोरीव काम करणाऱ्या एका कारखान्यात उमेदवार म्हणून लागले आणि वर्ष पुरते उलटण्याच्या आत त्यांनी स्वतःचे लहानसे काम मांडले. पाश्चात्त्य शिल्प शिकण्यासाठी त्यांच्याजवळ ना शाळा होती ना संग्रहालय. तेव्हा हाँगकाँगच्या ख्रिस्ती दफनभूमीत जाऊन थडग्यांवरील देवदूतांचे पुतळे ते न्याहाळीत. कलावंताचे चरित्र आम्हांस समीक्षेच्या कामापुरतेच हवे असते, आणि येथे कामाची गोष्ट एवढीच की चान हे आधी कोरणारे आणि फार पुढे दागिने घडविणारे. हा क्रम महत्त्वाचा आहे. सोनार धातूपासून आरंभ करतो. ओततो, ठोकतो, डाग देतो, शेवटी खडा बसवतो. त्याचे काम भर घालण्याचे. कोरणारा दगडापासून आरंभ करतो आणि त्यातून काढून टाकीत जातो. चान यांच्या सर्व चांगल्या कामांत हा काढून टाकणारा हात जागा आहे, आणि जेथे तो झोपला आहे तेथे ते काम, आमच्या मते, केवळ श्रीमंत झाले आहे.

१९८५ साली त्यांच्या पाहण्यात बहुविध छायांकनाची छायाचित्रे आली. एकाच फिल्मवर अनेकदा प्रकाश घेतल्याने त्यात एकच चेहरा अनेक ठिकाणी उमटतो. कागदावर जे घडते ते पारदर्शक खड्यात घडविता येईल काय, असा ध्यास त्यांनी घेतला आणि दोन वर्षांच्या खटपटीनंतर, १९८७ साली, जी रीत हाती आली ती आज 'वॉलेस कट' या नावाने ओळखली जाते. खड्याच्या मागच्या अंगाने एक स्त्रीमुख कोरलेले असते. समोरून पाहिले असता ते मुख खड्याच्या गर्भात तरंगताना दिसते आणि त्याच्याभोवती त्याचीच आणखी मुखे, कोणी किंचित वळलेली, कोणी अर्धी झाकलेली. कोरलेले मुख मात्र एकच. बाकीची मागच्या पैलूंनी परावर्तित केलेली. ग्रीक ऋतुदेवतांवरून 'होरी' हे नाव दिलेले त्यांचे काम या रीतीचा पहिला गाजलेला नमुना होय.

हे घडते कसे, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण चमत्कार म्हणून पाहून सोडून दिल्यास त्यातील कलेची बाजू हातची जाते. मुख मागून कोरायचे म्हणजे ते उलटे कोरावयाचे : जो डोळा समोरून डावीकडे दिसायला हवा तो कोरताना उजव्या हाताला येतो. शिवाय ते खोलगट कोरावयाचे. नाकाचा शेंडा, जो पाहणाऱ्याला सर्वांत जवळ भासायला हवा, तो कोरणाऱ्याच्या बाजूने सर्वांत खोल जातो. गालांचा उठाव हा वस्तुतः खळगा असतो. मुद्रा कोरणाऱ्या आपल्या जुन्या कारागिरांना ही उलटी दृष्टी ठाऊक होती. परंतु मुद्रेचे कोरीव काम लाखेवर वा कागदावर उमटून सुलटे होते, येथे ते खड्यातच सुलटे व्हावयाचे असते. त्यात पैलूंचे कोन आधी अचूक साधलेले हवेत, अन्यथा प्रतिबिंबे एकमेकांवर चढतात. हत्यार म्हणून चान यांनी दंतवैद्याचे फिरते यंत्र स्वतःच्या कामापुरते बदलून घेतले. ते इतक्या वेगाने फिरते की घर्षणाच्या उष्णतेने खडा तडकावा; म्हणून कोरणे सारे पाण्याखाली. आणि पाण्याखाली तर खड्यातले काहीच नीट दिसत नाही. तेव्हा एक फटका मारायचा, खडा बाहेर काढायचा, पुसून कोरडा करायचा, पाहायचे, पुन्हा पाण्यात बुडवायचे. हात चालतो तेव्हा डोळा आंधळा, आणि डोळा पाहतो तेव्हा हात थांबलेला. लेखनाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ही अवस्था अपरिचित वाटणार नाही.

चान यांची कामे आम्ही छायाचित्रांत आणि चलच्चित्रांत पाहिली आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. सामान्यतः दागिन्याचे छायाचित्र पुरेसे असते, कारण दागिना हा पृष्ठभागाचा खेळ असतो. वॉलेस कटाच्या बाबतीत छायाचित्र हे कवितेच्या गद्य अन्वयासारखे आहे. कॅमेरा थोडा सरकला की एक मुख विरघळते आणि दुसरे उगवते. स्थिर चित्रात त्यांची संख्या मोजता येते, परंतु ती मोजण्यासाठी नाहीतच. चलच्चित्र त्यातल्या त्यात बरे.

हैदराबादच्या वाचकांना येथे सालारजंग संग्रहालयातील त्या दुहेरी लाकडी पुतळ्याची आठवण होईल. एकाच ओंडक्यातून एका अंगाला मेफिस्टोफिलीस आणि दुसऱ्या अंगाला मार्गारेटा कोरलेली आहे. मागे आरसा ठेवला असल्याने समोर उभे राहणाऱ्यास उद्धट सैतान आणि खाली मान घातलेली मुलगी एकाच वेळी दिसतात. शाळेच्या सहलीतून नेलेली मुले तेथून हलत नाहीत, हे शिक्षकांना सांगावयास नको. तो पुतळा चतुर आहे, आणि गटेच्या नाटकातील नैतिक द्वंद्व त्यात आले असल्याने चतुराईहून अधिकही आहे. परंतु त्यात आरसा बाहेरचा आहे. तो काढला की एका वेळी एकच मूर्ती उरते. चान यांच्या खड्यात आरसा वेगळा ठेवावा लागत नाही. ज्या द्रव्यात मूर्ती आहे तेच द्रव्य तिचा आरसा होते. आणखी एक भेद असा की पुतळ्यातील दोन मूर्ती एकमेकींच्या विरोधी आहेत, तर खड्यातील सारी मुखे एकाच मुखाची. पुतळा सांगतो की एकाच लाकडात दोन वस्तू दडलेल्या असतात. खडा त्याहून अवघड गोष्ट सांगतो : एकच वस्तू पाहणाऱ्याच्या जागेप्रमाणे अनेक होते, आणि त्यांतील खरी कोणती हे बोट ठेवून दाखविता येते, तरी डोळ्याला पटत नाही.

येथे आमच्या कौतुकाला एक मर्यादा घातली पाहिजे. हे मुख, स्वतःपुरते पाहिले तर, गोड आहे. त्याहून फारसे काही नाही. दफनभूमीतील देवदूतांचा वारसा त्याच्या पापण्यांवर स्पष्ट दिसतो. कोणत्याही देवतेचे म्हणून ते चालेल, आणि म्हणूनच कोणत्याच देवतेचे म्हणून मनात राहत नाही. चान यांची प्रतिभा मुखाच्या भावात नसून त्याच्या स्थितीत आहे. हा दोष त्यांच्या चाहत्यांनी झाकण्याचे कारण नाही. आपल्याकडेही अशी कविता आहे की जिच्यातील विचार सामान्य, परंतु ज्या रीतीने तो ओळींतून उमटतो आणि पुन्हा उमटतो ती रीत असामान्य. तिला आपण कविता म्हणतोच.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. या खड्यात अलंकार कोणता आणि अलंकार्य कोणते? मुख खड्यावर घातलेले नाही; खड्यात भर म्हणून काही आलेलेच नाही. उलट थोडासा खडा कमी झाला आहे. जे आपण पाहतो ती पोकळी आहे, आणि त्या पोकळीला आकार देणारा प्रकाश आहे. कड्याची उपमा येथे लागू पडत नाही. आपल्या संतांनी आणि वेदान्त्यांनी वापरलेला दुसरा दृष्टान्त, सोने आणि लेणे यांचा, ज्ञानेश्वरीत पुन्हा पुन्हा येतो. त्याप्रमाणे दागिना म्हणजे सोनेच, नामरूप तेवढे वेगळे. तोही येथे पुरा पडत नाही, कारण दागिना आटवून सोने परत मिळते, परंतु कोरलेला खडा पुन्हा अखंड होत नाही. मात्र कड्याची उपमा देणाऱ्या त्याच आनंदवर्धनाने खऱ्या अलंकाराचे एक लक्षण सांगून ठेवले आहे. रसात रमलेल्या कवीला जो वेगळा प्रयत्न न करता साधतो तो अलंकार. 'अपृथग्यत्ननिर्वर्त्य' हा त्याचा शब्द. म्हणजे उपमा बाहेरच्या दागिन्याची असली तरी अपेक्षा आतल्या दागिन्याची होती. चान यांच्या खड्यात प्रयत्न काही थोडा नाही, परंतु तो वेगळा दिसत नाही. आनंदवर्धनाच्या दोन विधानांतील जो ताण टीकाकारांना सतावीत आला आहे, तो एखाद्या खड्यात असा सुटलेला पाहणे हा आम्हांस मोठाच आनंद वाटला.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी चान यांनी तैवानमधील एका बुद्धधातूच्या स्तूपाचे काम हाती घेतले. ते संपल्यावर त्यांनी असेल नसेल ते सोडले आणि सुमारे सहा महिने भिक्षूसारखे काढले. परत आले तेव्हा मौल्यवान द्रव्य विकत घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून ते लोखंड, तांबे, सिमेंट यांत शिल्पे करू लागले. या हलक्या समजल्या जाणाऱ्या द्रव्यांनी त्यांची भीड मोडली असावी. हृदयाला ठोके देणाऱ्या यंत्राचे कवच टायटेनियमचे असते, शरीर त्या धातूला परके मानीत नाही, असे त्यांच्या वाचनात आले आणि तो धातू त्यांनी दागिन्यासाठी धरला. त्याला वश करण्यात आठेक वर्षे गेली. २००७ साली स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्रदर्शनात ही कामे प्रथम लोकांपुढे आली.

टायटेनियमचे वजन शुद्ध सोन्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. सोने १,०६४ अंशांना वितळते. टायटेनियमला १,६६८ अंश सेल्सिअस लागतात. वाकविले तर ते पुन्हा मूळ आकाराकडे ओढ घेते, म्हणून खडा धरणारी बारीक नखी त्यातून काढणे सोनाराच्या हाताची परीक्षा पाहते. एवढे कष्ट कशासाठी? हलकेपणासाठी, हे एक उत्तर. तळहाताएवढा ब्रोच सोन्यात केला तर रेशमाला ओढ बसून वस्त्र फाटावे. टायटेनियमचा तेवढाच ब्रोच खांद्यावर पाखरू बसल्यासारखा बसतो. परंतु आम्हांस दुसरेच उत्तर अधिक मोलाचे वाटते, आणि ते चान यांनी नव्हे, आपल्या घरांतील पेटीने शिकविलेले आहे.

आपल्या समाजात दागिना हा आधी ठेव असतो, मग शोभा. लग्नात घातलेले तोडे, पाटल्या, गोठ अडचणीच्या वेळी गहाण पडतात किंवा मोडीत निघतात. आणि मोडीत देताना सोनार काय करतो? वजन करतो, कस लावतो, डागाची तूट धरतो आणि घडणावळ शून्य मानतो. ज्या हाताने पाटलीवर वेल कोरली त्या हाताची किंमत त्या क्षणी काही उरत नाही. वेल मुशीत जाते. शतकानुशतके हाच व्यवहार चालत आला असल्याने आपल्याकडील सुवर्णकारांची नावे शिल्लक नाहीत, त्यांची कामेही फार थोडी. निजामाच्या जवाहिरखान्यातील १७३ नग दीर्घ वादानंतर भारत सरकारने १९९५ साली २१८ कोटी रुपयांना घेतले आणि पुढे हैदराबादेत व दिल्लीत ते लोकांना पाहावयास मिळाले. १८४.७५ कॅरटांच्या जेकब हिऱ्यापुढे माणसे थबकतात; त्या हिऱ्याचा कागदांवर वजन म्हणून उपयोग होत असे, ही गोष्टही सर्वांना पाठ असते. मागच्या बाजूचे मिन्याचे काम मात्र वाकून कितीजण पाहतात? ते कोणी केले, असे कितीजण विचारतात?

टायटेनियमचा दागिना सावकार ठेवून घेत नाही. त्याची मोड होत नाही. त्यातून घडणावळ वजा केली तर हाती जवळजवळ काही उरत नाही, कारण जे आहे ती बहुतांशी घडणावळच आहे. चान त्यांत बहुमोल खडे जडवितात हे खरे, आणि म्हणून हा युक्तिवाद शेवटपर्यंत ताणता येणार नाही. तरी धातूपुरते पाहता त्यांनी दागिन्याला पेटीतून सोडविले आहे. कारागिराचा हात येथे किमतीच्या तळाशी नसून माथ्यावर आहे. घरोघरच्या मोडीत ज्यांची वेलबुट्टी विरघळली त्या आपल्या अनाम सुवर्णकारांच्या बाजूने पाहिले, तर ही लहान घटना नव्हे.

याच धातूत त्यांची फुलपाखरे जन्मली. चिनी परंपरेत फुलपाखराला अर्थ पुष्कळ आहेत. लिआंग शानबो आणि चू यिंगताय यांच्या लोककथेत ताटातूट झालेले प्रेमिक मरणानंतर फुलपाखरे होऊन भेटतात. तत्त्वज्ञ च्वांगत्झू स्वप्नात फुलपाखरू झाला आणि जागा झाल्यावर आपण माणूस आहोत की माणसाचे स्वप्न पाहणारे फुलपाखरू, अशा पेचात पडला. चान यांनी हा विषय इतक्या वेळा हाताळला आहे की एखाद्याला कंटाळा यावा. कंटाळा येत नाही, याचे कारण आम्ही रंगात शोधतो. टायटेनियमला रंग दिलेला नसतो. विजेच्या प्रवाहाने त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा जाड वा पातळ करतात, आणि त्या जाडीप्रमाणे प्रकाशाच्या लहरी परस्परांत मिसळून निळा, जांभळा, सोनेरी असा रंग दिसतो; पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या थेंबात दिसतो तसा. निसर्गातील कित्येक फुलपाखरांच्या पंखांचा निळाही असाच असतो. त्यात निळे द्रव्य नसते, खवल्यांची रचना तेवढी असते. मीनाकाम केलेले फुलपाखरू हे फुलपाखराचे चित्र असते. टायटेनियमच्या पंखाला रंग ज्या कारणाने आला त्याच जातीच्या कारणाने तो खऱ्या पंखाला आलेला आहे. अनुकरण येथे रूपाचे नसून कारणाचे आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध व समतोल ही लयीची तीन तत्त्वे सांगितली. या पंखांवर माणिक, नीलम आणि धातू यांच्यात ती तिन्ही दाखविता येतील. परंतु द्रव्याने विषयाशी असे सख्य जोडावे, ही गोष्ट त्या तिन्हींच्या आधीची वाटते.

जेडचा आणि टायटेनियमचा सिकाडा हा कीटकही त्यांच्या उत्तम कामांत मोडतो. हान काळात मृताच्या जिभेवर जेडचा सिकाडा ठेवीत, कारण हा कीटक वर्षानुवर्षे जमिनीत राहून बाहेर येतो. हे ठाऊक नसले तरी पंखांचा तलमपणा डोळा धरून ठेवतो. ठाऊक असले तर तो कीटक बोलू लागतो.

आणि तरीही चान यांचे नाव जगभर ज्या कामाने गाजले ते आमच्या मते त्यांचे दुबळे काम आहे. दक्षिण आफ्रिकेतील कलिनन खाणीत २००९ साली मिळालेला ५०७ कॅरटांचा कच्चा हिरा हाँगकाँगच्या चौ ताय फूक या पेढीने घेतला. त्यातून चोवीस हिरे पाडण्यात आले, त्यांतील सर्वांत मोठा १०४ कॅरटांचा. या हिऱ्यांभोवती चान यांनी रचलेला हार २०१५ साली प्रकट झाला. इंग्रजीत त्याला दिलेल्या नावाचा अर्थ 'फुललेला वारसा' असा करता येईल. त्यात एकूण ११,५५१ हिरे आहेत, त्यावर ४७,००० तासांचे श्रम खर्ची पडले, आणि त्याचे भाग सुटे करून तो सत्तावीस प्रकारांनी घालता येतो. हा परिच्छेद आकड्यांनी भरला, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. त्या हाराविषयी जो कोणी लिहितो त्याच्या हातून हेच होते, कारण सांगण्यासारखे जे आहे ते मोजता येण्यासारखेच आहे. फुलपाखरे आहेत, वटवाघळे आहेत, शुभ्र आणि हिरवे जेड आहे. शुभचिन्हांची यादी भरगच्च आहे. पण हिऱ्याने येथे कोरणाऱ्याला हात लावू दिलेला नाही. तो आधीच निर्दोष होऊन आला, आणि चान यांच्याकडे उरले ते कोंदण. संस्कृतातील उत्तरकालीन महाकाव्यांत एकेका श्लोकाचे दोन-दोन, तीन-तीन अर्थ लावता येतात आणि पंडित माना डोलावतात. सत्तावीस प्रकारांनी घालता येणारा हार आम्हांस त्या श्लोकांच्या पंक्तीला बसणारा वाटतो. कौशल्य निर्विवाद. मुळातले मुख मात्र कोठेच नाही.

याच्या उलट, आकाराने लहान असलेल्या काही कामांत त्यांनी कोंदणाचाच निकाल लावला आहे. चिनी लाकडी बांधणीत खिळे न मारता खाच आणि खुंटी यांनी तुळया एकमेकींत अडकवितात. त्या युक्तीवरून त्यांनी खड्याला खड्यानेच धरण्याची रीत काढली; धातूची नखी नाहीच. दगडाच्या खाचेत दगड. धातूची सावली खड्यात पडत नसल्याने प्रकाश अडत नाही. आमच्या शिक्षकमित्रांनी 'शब्द कोंदणात बसला' असे पुन्हा म्हणताना या कामाची आठवण ठेवावी. वाक्यात शब्दाला धरणारे असते ते दुसरे काहीतरी नसून शब्दच असतात.

२०२१ पासून व्हेनिसमध्ये मांडलेल्या त्यांच्या लोखंड व टायटेनियमच्या प्रचंड शिल्पांविषयी आम्ही थोडक्यात उरकतो. मुख तेच आहे, आकार वाढला आहे. जे खड्यात दोन बोटांच्या जागेत अथांग वाटत होते ते माणसाहून मोठे झाल्यावर भव्य वाटते, आणि भव्यता ही अथांगतेची भरपाई करीत नाही. चिनी मातीचे प्रकरण अधिक जिव्हाळ्याचे. लहानपणी घरात चिनी मातीचा चमचा मोठ्या माणसांसाठी असे, मुलांना प्लास्टिकचा. एकदा मोहाने उचललेला चमचा हातून पडून फुटला, असे चान यांनी सांगितले आहे. सात वर्षांच्या प्रयोगानंतर २०१८ साली त्यांनी पोलादाच्या पाचपट कठीण म्हणून सांगितली जाणारी चिनी माती पुढे आणली आणि तिच्या अंगठ्या केल्या. दुधाच्या सायीसारखा तिचा रंग नितांत सुंदर आहे. त्या द्रव्याला अजून त्याचा वॉलेस कट मिळालेला नाही, एवढेच आम्ही म्हणू. अंगठ्यांचे आकार धातूतून उचलल्यासारखे दिसतात.

२०१९ साली ब्रिटिश म्युझियमने त्यांचे एक काम आपल्या संग्रहात घेतले. ते खांद्यावर धारण करावयाचे भूषण आहे. टायटेनियम आणि ३१२ कॅरटांचा काळा हिरा ही त्याची मुख्य द्रव्ये. संग्रहालयात खांदा नाही. अभिनवगुप्ताने म्हटले आहे की प्रेताला घातलेले अलंकार शोभत नाहीत, कारण जे सजवायचे तेच तेथे नाही. मग काचेच्या पेटीतील या भूषणाचे काय? फुललेला वारसा हा हार पेटीत पाहिला तर गळ्याची उणीव पदोपदी भासते. सत्तावीस प्रकार करून दाखवायला कोणीतरी हवे असते. वॉलेस कटाच्या खड्याला तशी वाट पाहावी लागत नाही. पाहणारा पेटीपुढून दोन पावले चालला की आतले मुख त्याच्याबरोबर वळते.